ताण, नैराश्य आणि खाडा



शेतकऱ्याने किंवा ऊसतोड मजुराने जीवन संपवल्याच्या बातमीत ‘कर्जाला कंटाळून’ हे शब्द ठरलेले असतात. कर्ज खोटे नसते, पण ते परिस्थितीचे नाव आहे, आजाराचे नव्हे. आणि या गल्लतीची किंमत अंकुशनगर परिसरातील उसाच्या फडांत दरवर्षी मोजली जाते.

ताण हा आजार नसून शरीराची प्रतिक्रिया आहे. संकटाची चाहूल लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग पियूषिका ग्रंथीला व ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना चालना देते, आणि त्यांतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. संकट टळले की ही यंत्रणा निवते; मात्र मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत संकट टळतच नाही. नैराश्याची व्याख्या याहून वेगळी आहे : किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, थकवा, अपराधीपणा, मृत्यूचे विचार यांतील काही लक्षणे. फडात मात्र यातल्या थकव्याला ‘कामचुकारपणा’ म्हणतात. नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’तील (एकत्र ऊस तोडणाऱ्या जोडीतील) बाई पहाटे उठू शकली नाही, तर तो दिवस ‘खाडा’ (गैरहजेरी) म्हणून हिशेबात चढतो, दंड उचलीत मिळवला जातो आणि ज्या कर्जाने ताण आला तेच आजारपणामुळे वाढते.

आजाराचे नाव घेतल्याने दोष पीडिताच्या मेंदूवर जातो व मुकादम आणि शासन मोकळे सुटतात, हा आक्षेप वजनदार आहे. ‘सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ या सुटसुटीत सूत्राने त्याला बळच दिले. वास्तविक सेरोटोनिन हे चेतापेशींमधील निरोप पोहोचवणारे एक रसायन असून, मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये घेतलेल्या आढाव्यात या सूत्राला सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही. त्यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत (रुग्णाने ती मनाने बंद करणे तर धोक्याचेच), पण परिस्थितीला कारणांच्या यादीतून वगळता येत नाही, एवढे नक्की. आजार मान्य केल्याने उचल माफ होत नाही, तसेच कर्जमाफीने जडलेले नैराश्य आपोआप बरे होत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

तेव्हा फडांवर तपासणीस जाणाऱ्या आरोग्य पथकांनी रक्तदाबाबरोबर गेल्या 2 आठवड्यांतील उदासी आणि रस उडणे यांविषयीचे दोन प्रश्नही विचारावेत, आणि आपल्या दैनिकाने अशा प्रत्येक बातमीखाली ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनामूल्य क्रमांक छापावा, ही विनंती.

— एक वाचक, अंकुशनगर (ता. अंबड, जि. जालना)