इशापूरची रायफल आणि सातासमुद्रापारची करवत

१९६२च्या युद्धात भारतीय जवान चिनी सैन्याच्या स्वयंचलित व अर्धस्वयंचलित शस्त्रांसमोर उभे राहिले, ते बहुतांशी .३०३च्या जुन्या ली-एनफिल्ड रायफली हाती घेऊन. त्या कटू अनुभवानंतर बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने जुन्याच आराखड्यात अधिक बळकट पोलाद वापरून ७.६२ मि.मी. काडतुसाची, बारा गोळ्यांच्या मॅगझिनची नवी रायफल घडविली. '२ ए' आणि '२ ए १' ही तिची नावे. संकटातून उभ्या राहिलेल्या देशी जिद्दीची ती खूण होय.

पुढे यांतील अनेक रायफली जुना लष्करी साठा म्हणून अमेरिकेच्या बाजारात पोहोचल्या. तेथे जुनी रायफल घरच्या घरी मनाजोगी करून घेण्याचा छंद दुसऱ्या महायुद्धापासून रुजलेला आहे. पुढचे लाकूड करवतीने कापावे, नळी आखूड करावी, लाकडी दस्ता काढून प्लॅस्टिकचा बसवावा, वर दुर्बीण चढवावी, की झाली शिकारीची बंदूक!

मालकाची वस्तू, मालकाची मर्जी, हे खरे. परंतु दोन प्रकारच्या बदलांत अंतर आहे. बाजारातून आणलेला दस्ता उद्या उतरवून मूळचा पुन्हा बसविता येतो. कापलेली नळी आणि पोलादाला पाडलेले भोक कधीच भरून येत नाही. एकेकाळी कवडीमोलाने मिळणाऱ्या या रायफलींपैकी अस्पर्शित राहिलेल्यांनाच आज संग्राहक अधिक मोल देतात. करवत चालविणाऱ्यांना हे फार उशिरा उमगले.

तथापि, परक्यांना बोल लावण्यापूर्वी आपण काय जपले, याचा विचार नको का? २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती .३०३च होती. ती लढाईतून निवृत्त व्हायलाच हवी होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२०मध्ये निरोप दिला. मात्र निवृत्ती म्हणजे विस्मृती नव्हे. भट्टीत जाणाऱ्या शस्त्रांतील काही नग निकामी करून, कारखान्याचा शिक्का व घडणीचे वर्ष यांसह, जिल्ह्याजिल्ह्यांतील संग्रहालयांत ठेवणे फारसे खर्चिक नाही. इशापूरचा शिक्का पाहण्यासाठी आपल्या मुलांनी परदेशी संग्राहकाचे दार ठोठवावे, ही वेळ येऊ देता कामा नये.