पत्रिकेत न मावणारा ग्रह



वैशाखात रात्री दहाच्या पुढे डोक्यावर एक तांबूस-पिवळा ठळक तारा दिसतो. तो स्वाती. आज आम्हाला सांगायचे आहे ते त्याच्या शेजारच्या एका अंधुक ताऱ्याबद्दल. त्याचे नाव टाऊ बूटिस. तो ज्या तारकासमूहात आहे त्याला आपल्याकडे भूतप म्हणतात. नाव ऐकून दचकू नका, भुताखेतांशी त्याचा संबंध नाही!

हा तारा आपल्यापासून सुमारे ५१ प्रकाशवर्षे दूर आहे आणि तो एकटा नाही, जोडतारा आहे. थोरला आपल्या सूर्याहून जड आणि तापट, धाकटा लहानसा, मंद, तांबडा. धाकट्याची वाट लांबट आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे एका फेरीला त्याला सुमारे २४०० वर्षे लागतात आणि २०२६ च्या आसपास तो थोरल्याच्या सर्वांत जवळ येतो. हा अंदाज आहे, शे-पाचशे वर्षांनी सहज खालीवर होईल. पण तो धरून चाललो तर मागच्या खेपेस हे दोघे जवळ आले तो काळ तथागतांच्या काळापासून फार लांबचा नव्हे.

थोरल्या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो. १९९६ साली अमेरिकेतील पॉल बटलर, जेफ्री मार्सी आणि सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. दुर्बिणीतून तो कोणाला दिसला नव्हता. मग कळला कसा? फलाटावर उभे असताना न थांबणारी मेल गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. प्रकाशाचेही तसेच. तारा आपल्याकडे सरकला की त्याच्या प्रकाशातील रेषा निळ्या बाजूला जातात, दूर गेला की तांबड्या बाजूला. हा तारा सेकंदाला साडेचारशे मीटरहून अधिक वेगाने पुढे-मागे डुलताना आढळला. कोणीतरी जड सोबती त्याला ओढत होता.

तो ग्रह आहे आपल्या गुरूच्या सुमारे सहा पट वजनाचा. हे वजन २०१२ साली चिलीतील मोठ्या दुर्बिणीने त्याच्या वातावरणातील कार्बन मोनॉक्साइड वायूचा माग काढल्यावर ठरले. गुरूला सूर्याभोवती एका फेरीला जवळजवळ बारा वर्षे लागतात. हा पठ्ठ्या ३ दिवस ८ तासांच्या आतच फेरी पुरी करतो! ताऱ्यापासून अंतर जेमतेम ७० लाख किलोमीटर. तिथे तांबे पाण्यासारखे वितळेल. ताराही स्वतःभोवती जवळपास तेवढ्याच दिवसांत फिरतो. ग्रहाच्या ओढीनेच त्याला हा ताल लागला असावा.

मोठे ग्रह सूर्यापासून दूरच असतात, असे पूर्वी शास्त्रज्ञ धरून चालत. एकच घर पाहून साऱ्या गावाचा रिवाज ठरवण्यासारखे ते होते. १९९५ साली मायोर आणि केलोझ यांनी असा पहिला ग्रह शोधला, पाठोपाठ हा सापडला, आणि शास्त्रज्ञांनी आपले मत बदलले. मायोर आणि केलोझ यांना २०१९ साली नोबेलही मिळाले.

आमच्या ज्योतिषांनी मात्र काहीच बदलले नाही. त्यांच्या नऊ ग्रहांत सूर्य आहे, जो तारा आहे. चंद्र आहे, जो उपग्रह आहे. आणि राहू-केतू आहेत, जे मुळी नाहीतच. आज पाच हजारांहून अधिक परग्रह माहीत आहेत. ते कोणत्या घरात बसवायचे?

हे हसण्यावारी नेता आले असते. पण आमच्या ओळखीच्या एका घरी, जिथे भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत तिथे, मुलीचे ठरत आलेले लग्न ‘मंगळ आहे’ म्हणून मोडले. मुलाकडचेही बौद्धच. मुलगी शिकलेली, कमावती. आता तिची आई शेजारणींना तोंड चुकवते आणि शांतीसाठी गुपचूप पैसे साठवते. त्या माऊलीला आम्ही एवढेच सांगू की जन्माच्या वेळी मंगळाची जेवढी ओढ बाळावर असते, त्याहून अधिक ओढ जवळ उभ्या असलेल्या सुईणीची असते. हा साधा हिशेब आहे, दहावीच्या मुलाकडून करून घ्या. मुलाकडच्यांना मात्र आम्ही विचारू की १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण जे टाकून आलो, ते पत्रिकेच्या कागदात गुंडाळून परत कोणी आणले? दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात तर ग्रहताऱ्यांची भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या म्हटली आहे.

तारा पाहायचा असेल तर शहरातल्या दिव्यांत जमणार नाही. सुट्टीत गावी गेलात की वैशाख पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी, चंद्र उगवायच्या आत, पोरांना घेऊन अंगणात या. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक पुढे नेला की स्वाती सापडतो. हात लांब करून स्वातीपासून पश्चिमेला तीन बोटे मोजा, तिथे एक मध्यम तारा आहे. त्याच रोखाने आणखी दीड बोट पुढे जो बारीक ठिपका दिसेल, तो टाऊ बूटिस.