ओटिसचा शोध कुणाला लागला?

‘शेक! ओटिस ॲट मॉन्टेरी’ ही डी. ए. पेनेबेकरची फिल्म जेमतेम वीस मिनिटांची. तिच्यात एकच गायक: ओटिस रेडिंग. १७ जून १९६७ ची रात्र, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरीचा महोत्सव, समोर बहुतेक गोरी पोरंपोरी. हिरव्या सुटातला हा काळा गडी येतो आणि पाच गाण्यांत सगळं मैदान हलवून सोडतो.

दोस्तांनो, फिल्म बघाच. पण तिच्यावर लिहिणारे एक पालुपद लावतात, त्याला माझा विरोध आहे. म्हणे त्या रात्री ओटिसचा शोध लागला. कुणाला लागला? जॉर्जियाचा हा पोरगा १९६२ पासून मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत रेकॉर्ड करत होता. काळ्या वस्त्यांत त्याची गाणी केव्हाच पोचली होती. त्यानं लिहून १९६५ साली गायलेलं ‘रिस्पेक्ट’ त्याच जूनमध्ये अरीथा फ्रँकलिनच्या गळ्यातून अमेरिकेत पहिल्या नंबरावर चढलं. म्हंजे शब्द गोऱ्यांच्या घरात आधीच घुसले होते, माणूस तेवढा दिसला नव्हता. त्याच्या लोकांची पाच वर्षांची दाद हिशेबात नाही, आणि गोऱ्यांची एका रात्रीची टाळी हा जन्मदाखला? हे चालणार नाही.

दुसरं. सोल म्हंजे आत्मा, असं आपल्याला समजावतात. मला पडद्यावर आत्माबित्मा दिसला नाही. दिसला तो घाम. मी गोदीत पोती वाहतो. अंग कुठं झोकायचं, दम कुठं राखायचा, एवढं मला कळतं. ओटिसच्या मागे बुकर टी. अँड द एमजीज, दोन काळे, दोन गोरे. सगळे एका ठेक्यात बांधलेले, एकानं कच खाल्ली तर सगळं कोसळेल. हे कसब आहे, राबून कमावलेलं. ‘गाणं यांच्या रक्तातच असतं’ म्हणणारा त्यांची मेहनत फुकटात खातो.

पेनेबेकरला हे दिसलं असावं. एका गाण्यात त्याचा कॅमेरा ओटिसच्या पाठीमागे जातो. समोरून दिव्याचा झोत. तिथून गर्दी उरतच नाही. उरतो तो झोत, आणि त्याला तोंड देत राबणारी एक पाठ. असल्या पाठी मी रोज बघतो.

सहा महिन्यांच्या आत, १० डिसेंबर १९६७ ला, विस्कॉन्सिनमधल्या मोनोना सरोवरात त्याचं विमान कोसळलं. वय २६. धक्क्यावर बसून राहिलेल्या माणसाचं त्याचं गाणं १९६८ मध्ये पहिल्या नंबरावर गेलं, तेव्हा तो नव्हता.

तर फिल्म लावा, चार जणांना बोलवा. आणि कुणी ‘शोध’ म्हणालाच, तर तिथंच अडवून विचारा: कुणाला?