घरबांधणीचा करार व मागाहूनचे फेरफार

घर बांधावयास काढलें कीं कागदावरचा बेत शेवटपर्यंत जसाच्या तसा राहत नाहीं. सोलापुराकडे तर पहिला फेरफार बहुधा पायांतच करावा लागतो. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते. तिच्यावर उभारलेली भिंत तडकल्यावांचून राहत नाहीं. म्हणून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदणें भाग पडतें. करारांत चार फूट लिहिले आणि मुरूम सात फुटांवर लागला, तर वाढीव खुदाईचा व दगडाचा खर्च कोणीं सोसावयाचा? येथेंच तंट्याचें बीज पडतें.

दुसरें बीज आपल्या घरांतच असतें. मामंजी खिडकी मोठी करावयास सांगतात, सासूबाई देवघर हलवितात, धाकटे भाऊजी शहाबादी फरशीऐवजीं दुसरी सुचवितात. कंत्राटदार सर्वांस ‘होय’ म्हणतो आणि अखेरच्या बिलांत प्रत्येक ‘होय’ची किंमत मांडलेली असते!

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणें उभयतांच्या संमतीनें करार बदलतां येतो; एकट्याच्या मर्जीनें नव्हे. पण ‘लेखी कांहीं नव्हतें, सबब पैसे देत नाहीं’ हें म्हणणेंही नेहमींच टिकतें असें नाहीं. बंगालमध्यें १९४४ सालीं एका सरकारी खात्यासाठीं मंडल नांवाच्या पेढीनें रस्ता, स्वयंपाकघर वगैरे कामें रीतसर करारावांचून केलीं. ज्या कामाचा लाभ घेतला त्याचा मोबदला दिला पाहिजे, असें कलम ७० च्या आधारें सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं ठरविलें. पेढी जिंकली खरी. पण मध्यें सतरा वर्षें लोटलीं होतीं.

तेव्हां चार गोष्टी पाळाव्या. कंत्राटदाराशीं घरांतील एकाच माणसानें बोलावें. फेरफार काय, त्याचा दर काय, दिवस किती वाढणार, हें काम सुरू होण्यापूर्वीं लिहून दोघांनीं सह्या कराव्या. पायाचें माप भरणीपूर्वींच घ्यावें. माती लोटल्यावर खोलीचा पुरावा उरत नाहीं. आणि मंजूर नकाशा बदलत असेल, तर महानगरपालिकेची परवानगी आधीं मिळवावी.

सदनिका घेणारांस २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. मंजूर नकाशांत मोठे फेरफार करण्यापूर्वीं विकासकास दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमति घ्यावी लागते.

लिहून मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः वास्तुशांतीच्या पंगतीस कंत्राटदार आनंदानें बसावा, अशी इच्छा असणारानेंच कागद आधीं करून ठेवावा.