टाकी फुल्ल, टायर गुळगुळीत!

सबमिशन संपलं की होस्टेलवर एकच विषय, ताम्हिणी! वर्गणी, गॉगल, रेनकोट, सगळं ठरतं. टायरकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. पावसात घाटाच्या वळणावर ब्रेक दाबला आणि मागचं चाक सरकलं. मागे रूममेट बसलेला. खरचटण्यावर निभावलं, कारण समोरून एसटी येत नव्हती. बस्स, एवढंच कारण.

परत आल्यावर टायर पाहिला, तर नक्षी जवळपास गेलेली. चाकाखालचं पाणी बाहेर काढणं हे त्या खाचांचं काम. त्या झिजल्या की ओल्यात टायर रस्ता धरत नाही. नियमाने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खोली लागते. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेताना हे कोण बघतं?

मित्रांनो, घर्षणावर दहा मार्कांचं उत्तर आपण झोपेतही लिहू. ढाब्यावर पैसे उडवतो, टायरसाठी मात्र 'पुढच्या महिन्यात बघू'. माझं स्पष्ट मत आहे, टायर गुळगुळीत असेल तर गाडी स्टँडवरच राहू द्या. एसटीने जा. घाट कुठे पळून जात नाही.