महाराष्ट्राला वेळ हवा होता

मे 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांची सुनावणी संपत आली, तेव्हा केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला कळवलं की सात राज्यांची उत्तरं आली आहेत. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध नोंदवला होता. उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम आणि महाराष्ट्राचं म्हणणं होतं, विषय मोठा आहे, नीट चर्चा व्हायला हवी, वेळ द्या. विरोध करणाऱ्या तीन राज्यांत तेव्हा तीन वेगळ्या पक्षांची सरकारं होती. राजस्थानात काँग्रेस, आंध्रात वायएसआर काँग्रेस, आसामात भाजप. एरवी एकमेकांशी कडाकडा भांडणारे पक्ष इथे एका सुरात बोलले. पण मला सलत राहिलं ते आपल्या राज्याचं उत्तर. त्यानंतर लोकसभेची निवडणूक झाली, विधानसभेची झाली. जिच्यासाठी वेळ मागितला ती चर्चा एकाही प्रचारसभेत माझ्या कानावर आली नाही.

सलण्याचं कारण घरातलं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. दोघांचा संसार आमच्या घरातल्या कुठल्याही संसारासारखाच आहे: घराचे हप्ते, दुधाचं बिल, कुणाच्या आईला कधी डॉक्टरकडे न्यायचं याची बोलणी. भाच्याला दुचाकीचा अपघात झाला आणि पायाची शस्त्रक्रिया करायची ठरली. संमतीच्या कागदावर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. जोडीदाराने ‘मित्र’ लिहिलं. दुसरं काय लिहिणार? रुग्णालयाने सांगितलं, रक्ताच्या नात्यातलं माणूस बोलवा. बहीण साताऱ्याहून निघाली आणि खंबाटकी घाटात वाहतुकीत अडकली. ज्याला भाच्याला कुठल्या औषधाने पुरळ उठतं हे पाठ होतं, तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आणि सही करायला दुसऱ्या गावाहून आईची वाट बघितली गेली. भाचा बरा झाला. पण त्या दिवसापासून माझी बहीण मतदार म्हणून बदलली, आणि मीही.

17 ऑक्टोबर 2023 रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय बदल करू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. निदान नागरी बंधनाच्या (सिव्हिल युनियन) रूपात या जोडप्यांच्या नात्याला मान्यता मिळाली पाहिजे, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल म्हणाले. इतर तिघांना ते पटलं नाही. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, असं म्हणून न्यायालयाने विषय लोकप्रतिनिधींकडे सोपवला.

मधल्या काळात या जोडप्यांच्या अडचणी बघायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये काही पत्रकं निघाली. जोडीदाराबरोबर बँकेत संयुक्त खातं काढायला हरकत नाही. शिधापत्रिकेसाठी दोघांना एका घरातलं समजावं. आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी राज्यांना सूचना. ज्यांनी हे करून घेतलं त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण रेशन आणि अंत्यविधी यांच्या मधे माणसाचं अख्खं आयुष्य असतं. वारसा, निवृत्तिवेतन, दत्तक, पोटगी यांतलं काहीच पत्रकाने मिळत नाही. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्यावर प्राप्तिकर लागत नाही. भाच्याने जोडीदाराला वर्षभरात पन्नास हजारांच्या वर दिले तर लागतो, कारण कायद्याच्या व्याख्येत तो ‘नातेवाईक’ नाही. या तरतुदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आहे. भाच्याने मृत्युपत्र केलं नाही, तर उद्या दोघांनी मिळून फेडलेल्या घरातला त्याचा वाटा माझ्या बहिणीकडे जाईल, जोडीदाराकडे नाही. बहिणीला तो नको आहे. कायदा तिला विचारत नाही.

मग लोकप्रतिनिधींनी आजवर काय केलं? डिसेंबर 2015 मध्ये शशी थरूर यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मध्ये दुरुस्ती करणारं विधेयक मांडायची परवानगी मागितली, तेव्हा लोकसभेत ती 71 विरुद्ध 24 मतांनी नाकारली गेली. विधेयकावर चर्चाही नाही, नुसतं मांडायलाच नकार. पाचशेहून अधिक खासदारांच्या सभागृहात शंभरही मतं पडली नाहीत, बाकीचे तिथे नव्हतेच. एप्रिल 2022 मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात ‘पती’ आणि ‘पत्नी’ यांच्या जागी ‘जोडीदार’ आणणारं अशासकीय विधेयक मांडलं. ते बारामतीच्या खासदाराने मांडलं, याचं मला महाराष्ट्राची मतदार म्हणून अप्रूप वाटलं. सतराव्या लोकसभेबरोबर ते संपलं. 1970 नंतर एकही अशासकीय विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही, त्यामुळे ते मंजूर होईल असं कुणालाच वाटलं नसणार. 2024 च्या जाहीरनाम्यांत काँग्रेसने व्यापक सल्लामसलतीनंतर अशा जोडप्यांच्या नागरी बंधनाला मान्यता देणारा कायदा आणू असं लिहिलं, मार्क्सवादी पक्षानेही समलिंगी जोडप्यांना कायदेशीर मान्यतेचं वचन दिलं. छापलं गेलं, पण व्यासपीठावरून बोललं गेलं नाही. उमेदवाराचं गणित साधं असतं. या लोकांची वस्ती नाही, वॉर्ड नाही, पट्टा नाही. ते प्रत्येक मतदारसंघात थोडेथोडे आहेत, आणि बरेचसे स्वतःच्या घरातही गप्प आहेत.

हे शहरी उच्चभ्रू लोकांचं खूळ आहे, असा युक्तिवाद सरकारने न्यायालयात केला. 1987 साली मध्य प्रदेशच्या पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि नोकरी गमावली. कुठलं उच्चभ्रूपण होतं त्यांच्याकडे? आणि खेड्यातला मतदार अशा प्रश्नावर दगडच असतो, हेही मला मान्य नाही. 2017 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. तो प्रश्न लग्नाचा नव्हता, हे खरं. पण तिथल्या मतदारांनी समोर आलेल्या माणसाकडे पाहून मत दिलं.

लग्नाचा कायदा निवडणुकीच्या आखाड्यात यापूर्वी उतरला आहे, आणि तो फार मोठ्या माणसांनी उतरवला आहे. हिंदू संहिता विधेयक रखडवलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रभुदत्त ब्रह्मचारी या विधेयकाला विरोध करत थेट नेहरूंच्या विरुद्ध उभे राहिले. नेहरूंनी प्रचारात विधेयकाची बाजू सोडली नाही आणि ते जिंकले. त्याच निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत नारायण काजरोळकरांकडून हरले. त्या पराभवाची कारणं वेगळी होती. पण 1954 मध्ये विशेष विवाह कायदा आणि 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. बाईला घटस्फोट मागता येईल, नवऱ्याला दुसरी बायको करता येणार नाही, असं म्हणणारे त्या वेळी बहुमतात होते का? धर्म बुडेल, कुटुंब मोडेल, हेच तेव्हाही ओरडून सांगितलं जात होतं. आज माझ्या सोसायटीतल्या ज्या आजी भाच्याच्या नात्याला ‘आपल्यात बसत नाही’ म्हणतात, त्यांचं सगळं वैवाहिक आयुष्य त्या ‘न बसणाऱ्या’ कायद्याच्या आधाराने गेलं आहे.

यावर माझी एक मैत्रीण चिडते. ती म्हणते, “हक्क काय मतं मोजून द्यायचे का? तुझ्या लग्नासाठी तू कुणाची परवानगी मागितलीस?” तिचं बरोबर आहे. तैवानमध्ये नोव्हेंबर 2018 च्या सार्वमतात लोकांनी विरोधात कौल दिला. तरी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने आधीच आदेश दिलेला होता, म्हणून मे 2019 मध्ये कायदा आला. मला तोच मार्ग पसंत होता. पण आपल्याकडे न्यायालयाने दार लावून घेतलं आहे, आणि दुसरं दार मतदारांच्या अंगणात उघडतं.

आयर्लंडला दोन्ही दारं वाजवावी लागली. कॅथरीन झॅपोन आणि अ‍ॅन लुईस गिलिगन या जोडप्याने कॅनडात झालेल्या आपल्या लग्नाला मान्यता मागितली. 2006 मध्ये उच्च न्यायालयात त्या हरल्या. 2010 मध्ये नागरी भागीदारीचा कायदा झाला. मग निवडलेले सामान्य नागरिक आणि राजकारणी यांची शंभर जणांची सभा बसली, तिने 2013 मध्ये मोठ्या बहुमताने विवाहाची शिफारस केली आणि 22 मे 2015 रोजी सार्वमत झालं. ज्या देशात 1993 पर्यंत समलिंगी संबंध गुन्हा होता आणि 1995 पर्यंत घटस्फोटाला बंदी होती, तिथे 62 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. 43 पैकी एकाच मतदारसंघात ‘नाही’ जिंकलं. हे कसं घडलं याबद्दल वाचताना मला दारोदारीचा प्रचार सगळ्यात मोलाचा वाटतो. कार्यकर्ते घंटी वाजवून स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत होते. अनोळखी माणसाच्या उंबऱ्यावर उभं राहून ‘मला लग्न करू द्याल का’ विचारणं किती अपमानाचं असेल, याचा विचार करून जीव कासावीस होतो. पण ते एकटे नव्हते. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस, श्रद्धाळू कॅथलिक, आपल्या मुलासाठी आई म्हणून जाहीरपणे बोलल्या. आणि त्या जानेवारीत आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं की मी समलिंगी आहे. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. लिओ पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक झालं. 2019 च्या डिसेंबरमध्ये ते गावी आले तेव्हा गावाने त्यांचं स्वागत केलं. ते प्रेम खरं होतं, मला त्यात खोट काढायची नाही. पण वराडमध्येच वाढलेल्या एखाद्या मुलाचं नातं मालवणच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येत नाही, ती सोय आपण कधी करणार?

‘हा विषय केंद्राचा’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. विवाह आणि घटस्फोट राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद करायची तर राष्ट्रपतींची संमती लागते. अवघड आहे, अशक्य नाही. उत्तराखंडच्या विधानसभेने 2024 मध्ये विवाहाचा कायदा केलाच, फक्त त्यात एकत्र राहणाऱ्यांचं नातं स्त्री-पुरुषांपुरतं ठेवलं. आणि महाराष्ट्राला तर ही परंपराच आहे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1919 मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचं संरक्षण दिलं. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली, 1947 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. देशाचा कायदा यायला आणखी आठ वर्षं लागली. त्या राज्याने 2023 मध्ये वेळ मागावा?

विधानसभेच्या प्रचारात एक उमेदवार बहिणीच्या दारात आले होते. रस्ता, पाणी बोलून झाल्यावर ती म्हणाली, “माझ्या मुलाच्या लग्नाचं काय?” त्यांना वाटलं, कार्यालयाची वगैरे अडचण असेल. तिने समजावून सांगितलं. बरोबरचे कार्यकर्ते इकडे तिकडे बघू लागले. उमेदवार थोडं थांबून म्हणाले, “काकू, असं आजवर कुणी विचारलंच नाही मला.” मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. खरंच कुणी विचारलं नसेल. एप्रिल 2023 मध्ये ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. आता तशी पत्रं आमदारांना जायला हवीत, सातारा, लातूर, गोंदिया, मालवणातून, आणि ज्यांच्या घरात असं कुणी नाही असं त्यांना वाटतं त्यांच्याकडूनही.

बहिणीने मसुदा लिहायला घेतला आहे. मागणी एकच: येत्या अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडा, आणि मांडणार नसाल तर का नाही ते लेखी कळवा. खाली तिची सही आहे, तिच्या शेजारणीची आहे, माझी आहे. भाच्याच्या जोडीदाराचे वडील आजवर या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी कागद मागवून घेतला आहे.