वरचा कागद कुणी ठेवला?

चाकणच्या कारखान्यात मी लागलो तो ड्रॉइंग ऑफिसात. टेबलावर मूळ नकाशा, त्यावर पाइपलाइनचा ट्रेसिंग पेपर, त्यावर विजेच्या तारांचा. वरच्या कागदावर कुणी शाईचा डाग पाडला की खालची रेघ गेलीच. ड्रॉइंग ऑफिस केव्हाच बंद झालं. आता माझ्याकडे कारखान्यातली लो-कोड ॲप्स आहेत, मायक्रोसॉफ्टच्या पॉवर प्लॅटफॉर्मवरची. ‘लो-कोड’ हा शब्द फॉरेस्टर या संस्थेने 2014 साली रूढ केला. आमच्या साहेबांपर्यंत तो ‘अर्ध्या दिवसात ॲप’ एवढाच पोचला.

ॲप खरंच अर्ध्या दिवसात होतं. दुखणं पुढे आहे.

गेल्या दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. मालाची गाडी गेटवर, खरेदीची मंजुरी अडकलेली, कारण मंजुरी देणारे साहेब रजेवर. आमच्यातल्या एका पोराने थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोज लोक वापरतात त्या चालत्या सिस्टिममध्ये, मंजुरीचा फ्लो, म्हणजे आपोआप चालणारी पायऱ्यांची साखळी, उघडला, साहेबांच्या जागी दुसऱ्याचं नाव टाकलं आणि सेव्ह केलं. गाडी आत आली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मीसुद्धा.

तीन आठवड्यांनी मंजुरीची मर्यादा 25 हजारांवरून 50 हजार करायची होती. डेव्हलपमेंटमध्ये बदल केला, टेस्टमध्ये तपासला, पाइपलाइनने, म्हणजे बदल पुढे पोचवणाऱ्या ठरलेल्या वाटेने, प्रॉडक्शनला पाठवला. सगळीकडे हिरवी खूण. तरी 30 हजारांची ऑर्डर मंजुरीसाठी थांबायचीच. आवृत्तीचा आकडा वाढवून पुन्हा पाठवलं. पुन्हा हिरवं, पुन्हा तेच. खरेदीतल्या बाई रोज विचारायच्या, “काका, झालं का हो?”

शेवटी त्या फ्लोचे थर उघडून पाहिले. तळाशी आम्ही रीतसर पाठवलेले मॅनेज्ड थर आणि सगळ्यांच्या वर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा एकच अनमॅनेज्ड थर, त्या शुक्रवारचा. फ्लोच्या बाबतीत सर्वांत वरचा थर असेल तोच चालतो. आम्ही नेमाने नवे कागद पाठवत होतो आणि ते डागाळलेल्या कागदाखाली जाऊन बसत होते. वरचा थर काढायला एक बटण पुरलं, तो सापडायला आठ दिवस लागले. पोराला मी काय बोलणार? त्याला प्रॉडक्शनचे हक्क आम्हीच दिलेले होते.

दुसरी गोष्ट सामायिक सामानाची. पुरवठादारांचं टेबल आमच्याकडे एकच. खरेदी, गेट पास आणि गुणवत्ता तपासणी, तिन्ही ॲप्स त्यावर उभी. ते टेबल कुणाचं, असं विचारलं की तिन्ही ॲपवाले दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मध्यंतरी त्यावर काम करणाऱ्यांनी जुना म्हणून एक रकाना काढला. त्यांच्या डेव्हलपमेंटमध्ये गेट पासचं ॲप नव्हतंच, त्यामुळे तिथे कुणी हरकत घेतली नाही. प्रॉडक्शनमध्ये अपग्रेड अडलं, कारण गेट पासचा फॉर्म त्याच रकान्यावर टेकलेला. हे अडणं बरं म्हणायचं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या ॲपसोबत सामायिक टेबलही ‘सगळ्या सामानासकट’ बांधून पाठवणं. मग एकाच वस्तूचे दोन मालक होतात आणि बऱ्याच बाबतींत ज्याचा थर नंतर चढला त्याचं चालतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ॲपची संख्या मोजणाऱ्या व्यवस्थापनाने आधी पायाचा मालक नेमावा. सामायिक टेबलं वेगळ्या सोल्यूशनमध्ये, म्हणजे वेगळ्या गठ्ठ्यात, ठेवायची, ती आधी पोचवायची, वरची ॲप्स नंतर. टेस्टमध्ये तिन्ही ॲप्स एकत्र बसवलेली हवीत, नाहीतर ती टेस्ट कसली? याला पैसे लागतात. प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पाइपलाइनने जिथे पाठवायचं ती एन्व्हायर्नमेंट मॅनेज्ड लागते आणि त्यासाठीच्या लायसन्सचा हिशेब ‘अर्ध्या दिवसात’ कुणी धरत नाही. शिवाय एक माणूस लागतो, ज्याने नाही म्हटलं तर ते नाहीच.

प्रॉडक्शनमधले असे थेट बदल रोखणारी सेटिंग आता आम्ही चालू केली आहे. पहिल्याच महिन्यात प्लांटचे साहेब तावातावाने आले, गाडी पुन्हा गेटवर होती. मी नाही म्हणालो. गाडी पाऊण तास उभी राहिली आणि तिच्या ड्रायव्हरने मला ऐकवलेलं इथे छापता येणार नाही.

त्या पाऊण तासानंतर मात्र खरं काम झालं. मंजुरी देणाऱ्याचं नाव फ्लोच्या पोटात ठेवायचं कारणच नव्हतं. आता ते एका छोट्या टेबलात एका ओळीत आहे, शेजारी रजेच्या तारखा आणि रकमेची मर्यादा. साहेब रजेवर निघाले की खरेदीतल्या बाई ती ओळ बदलतात. फ्लोला हात लागत नाही, थर चढत नाही, मला फोनही येत नाही. हे पहिल्याच दिवशी का केलं नाही, असं आमच्या साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला ॲप अर्ध्या दिवसात हवं होतं.